तोंडाने काही देऊ नये

"तोंडानं काही देता का?"

"नाही," मी म्हणाले.

"दूध, पाणी, चहा?"

"काही नाही. ओल्या फडक्यानं ओठ पुसतो, तेवढंच."

शिकाऊ डॉक्टरनं माझ्या खांद्यावरून आईकडं बघितलं. "आजी, तुम्ही काही भरवत नाही ना?"

"न्हाई ओ," आई म्हणाली. "डॉक्टरांनी नको म्हटल्यावर कसं भरवीन?"

त्यानं ते लिहून घेतलं आणि पुढच्या पेशंटकडं वळला. हा प्रश्न मी इतक्या खोल्यांमध्ये, इतक्या जणांकडून ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच माझं उत्तर तयार असायचं. आणि प्रत्येक जण ते अगदी नव्यानं लिहून घ्यायचा, हा माणूस जसा काही आज सकाळीच आभाळातून पडलाय.

हा माणूस म्हणजे माझे वडील, नरहरी लोखंडे, आमचे अप्पा. सोलापूरच्या एसटी डेपोतले निवृत्त हेडमेकॅनिक आणि एकेकाळचे युनियनचे पुढारी. डेपोच्या गेटवर उभं राहून बोलायला लागले की आत कॅन्टीनमध्ये ऐकू यायचं. त्यांना मार्चमध्ये लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळताना ठसका लागतोय म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली. "तात्पुरती आहे," असं तेव्हा सांगितलं होतं. घरी सोडताना पलंगाला अडकवायला एक पाटीही दिली होती, 'तोंडाने काही देऊ नये'. उन्हाळा सरला, निम्मा पावसाळा सरला. पाटी पलंगाला आणि तात्पुरती नळी नाकातच.

मी पुण्याच्या नोकरीत बिनपगारी रजा टाकून आले होते. दिवसभर पेज गाळायची, डाळीचं पाणी गाळायचं, मोठ्या सिरिंजमधून नळीत सोडायचं आणि मग नळी धुवायला पाणी. अप्पा छताकडं बघत पडून राहायचे. स्वयंपाकघरात आईनं चहाला आलं ठेचलं की तेवढी त्यांची मान वळायची. मी ओल्या फडक्यानं ओठ पुसायला गेले की ते फडकं दातात धरून ठेवायचे, सोडायचेच नाहीत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं.

"तहान लागत असेल का हो त्यांना?"

"शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "नळीतून जितकं पाणी जायला पाहिजे तितकं जातंय. शरीराला पाणी कमी नसेल तर तहान लागायचा प्रश्नच येत नाही. ती सवय असते तोंडाची. फडकं चोखू देऊ नका."

मग मी फडकं ओढून काढायला लागले.

घरी एक सिस्टर यायच्या नळी बदलायला. नवी नळी आत जाताना अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि डावा हात पलंगाच्या कडेला आवळलेला असायचा. मी सिस्टरना म्हटलं, "आता काढून टाकायची का? बरेच सुधारलेत ते." सिस्टर भल्या होत्या, पण म्हणाल्या, "ताई, मला बदलायचं सांगितलंय. काढायचं मला कुणी सांगितलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांना विचारा."

मेंदूचे डॉक्टर सबनीस म्हणाले, "मेंदू छान सुधारतोय. पण घशाचं मी कसं सांगू? कान-नाक-घशाला दाखवा."

कान-नाक-घशाचे डॉक्टर टॉर्च मारून म्हणाले, "घसा उत्तम आहे. हा मुळात मेंदूचा आजार. नळीचं सबनीसांनी ठरवायचं."

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "वजन टिकून आहे. नळी चालू आहे तेच बरं."

फिजिओ म्हणाले, "मी हातापायाचा."

प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता, हेच माझं दुखणं होतं. कुणी उर्मटपणा केला असता तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळे गोड बोलून पुढच्या दाराकडं बोट दाखवायचे. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व सेवा एकाच छताखाली'. छत एकच होतं, ते कबूल आहे. व्हीलचेअर ढकलत त्या छताखाली मी एवढी फिरले की चपलेचा अंगठा तुटला. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तुमच्या गावातलंही काही वेगळं नसणार.

शेवटी नळीनं नाकात जखम झाली. तेव्हा पोटाचे सर्जन मधे आले आणि म्हणाले, "हे नाकातून किती दिवस चालवणार? पोटाला छोटंसं भोक पाडून तिथूनच कायमची नळी घालू." आणि एवढा मोठा निर्णय एकट्यानं घ्यायचा नाही म्हणून अप्पांचं नाव बुधवारच्या संयुक्त बैठकीला लावलं. त्या बैठकीत सगळ्या विभागांचे डॉक्टर एका टेबलाभोवती बसायचे. मला वाटलं, सुटलो एकदाचे. सगळे एका खोलीत असल्यावर कुणी कुणाकडं बोट दाखवणार?

मला एकच विचारायचं होतं. पोट फोडायच्या आधी या माणसाला गिळता येतं की नाही, हे एकदा कुणी बघणार आहे का? कारण पोटातली नळी एकदा बसली की गिळण्याचा विषय कायमचा मिटणार, हे मला दिसत होतं. अप्पांनाही दिसत असावं. 'कायमची' हा शब्द ऐकल्यापासून त्यांनी माझ्याकडं बघणं सोडलं होतं.

त्या बुधवारी आम्ही उजाडतानाच रिक्षानं निघालो, नंबर लवकर लागावा म्हणून. आईची पूजा राहिली. ती वाटभर कुरकुरत होती. आमच्या घरात पूजा हा आईचा प्रांत. अप्पा पक्के नास्तिक. देव मानणारा माणूस डेपोत स्क्रूड्रायव्हरसुद्धा सरळ धरत नाही, असं ते म्हणायचे. लग्न झाल्यापासून आई रोज सकाळी तीर्थाची पळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची आणि अप्पा रोज हात पाठीमागं बांधून म्हणायचे, "तहान लागली तर माठ आहे की घरात." हे भांडण नव्हतं, नेमच होता. मग ते तीर्थ आई आम्हाला द्यायची.

हॉस्पिटलच्या आवारात एक दत्ताचं छोटं देऊळ आहे. आम्हाला रांगेत बसवून आई तिकडं जाऊन आली. आली ती पिशवी पोटाशी धरून.

आम्हाला आत बोलवायला दुपार झाली. लांबट टेबल, पंखा, भिंतीवर अप्पांच्या मेंदूचा फोटो लावलेला. डॉक्टर सबनीस मधोमध. एका बाजूला सर्जन आणि कान-नाक-घसा, दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ बाई आणि फिजिओ. टेबलाच्या टोकाला एक तरुण बाई बसल्या होत्या, त्यांना मी ओळखत नव्हते. मी खुर्ची टेबलापर्यंत ढकलली. अप्पांकडं कुणी बघितलं नाही, सगळे भिंतीवरच्या फोटोकडं बघत होते.

"तोंडानं काही देता का?" सबनीसांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

आईनंही मान हलवली.

"म्हणजे तोंडावाटे शून्य," सर्जन म्हणाले. "इतके महिने शून्य असेल तर आता परत येणं अवघड. उद्या सकाळी माझ्याकडं जागा आहे. घेऊन टाकू."

"आहाराच्या दृष्टीनं सोयीचंच होईल," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"माझी हरकत नाही," कान-नाक-घसा म्हणाले.

"पण डॉक्टर," मी म्हणाले, "त्यांना गिळता येतं का ते बघायचं होतं ना? त्यासाठीच तर आम्ही..."

"लेखी आहे ना सगळं," सबनीस समजुतीनं म्हणाले. "ताई, तुमची तळमळ कळते. पण प्रत्येक विभागानं तपासलंय त्यांना."

प्रत्येक विभागानं तपासलं होतं, ते खरंच होतं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला, कारण रडणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही, पाणी देतात. अप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला होता. नळी बदलताना आवळायचा तसाच.

"झालं का यांचं बोलून?" आईनं मला हळूच विचारलं.

"झालं."

"उद्या पोट फाडणार?"

"हो."

आईनं पिशवीतून छोटा गडवा काढला, पळी काढली. तेवढ्या डॉक्टरांसमोर, घरी देवासमोर उभी राहते तशी शांतपणे अप्पांच्या खुर्चीशी उभी राहिली. "सकाळधरनं राहिलंय," ती त्यांना म्हणाली.

आणि अप्पांनी तोंड उघडलं. मी ते बघितलं आणि क्षणभर मला कळेचना की मी काय बघतेय. ज्या माणसानं उभ्या जन्मात तीर्थाला हात लावला नव्हता, त्यानं मान किंचित पुढं करून तोंड उघडलं होतं आणि आईनं पळी रिकामी केली होती.

"अहो, अहो, काय पाजताय?" सबनीस खुर्चीवरून उठलेच.

अप्पांनी तोंड मिटलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. आता ठसका लागणार म्हणून सगळी खोली थांबली. फिजिओ पाठीवर थाप मारायला पुढं आलेसुद्धा. ठसका लागला नाही. अप्पांनी जीभ ओठांवरून फिरवली आणि आईच्या हातातल्या गडव्याकडं बघितलं.

"काय दिलंत हे?" सबनीसांचा आवाज चढला होता.

"तीर्थ," आई म्हणाली.

"तोंडानं काही देत नाही म्हणालात ना?"

"न्हाई देत."

"मग हे काय आहे?"

"तीर्थ हाय की," आई पुन्हा म्हणाली. तिला त्यांचा प्रश्नच कळत नव्हता, आणि त्यांना तिचं उत्तर.

"आजी, याआधी कधी दिलं होतं?"

"रोज देते. घरी आणल्यापासनं. ही आंघोळीला गेली की माझी पूजा हुती, मग यास्नी तीर्थ. तीन पळ्या." आता ती बावरली होती. "पयल्यांदा जरा ठसका लागला. मग न्हाई कधी."

आई एकदाही खोटं बोलली नव्हती. तोंडानं खायला देता का, नाही. पाणी पाजता का, नाही. तीर्थ हे आईच्या हिशेबी पाणी नव्हतंच कधी. उपास मोडत नाही त्यानं, मग डॉक्टरांचा हुकूम कसा मोडेल? आणि इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलं, पण सकाळी उठल्यापासून यांचं काय काय करता ते सांगा, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"तुम्हाला कल्पना आहे का, केवढा धोका होता?" सबनीस आईला म्हणाले. "फुप्फुसात गेलं असतं. न्यूमोनिया होऊन गेले असते ते."

आईनं गडवा पदराखाली घेतला. "तीर्थानं कुणाला काय हुतंय?" ती पुटपुटली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर, तिला बोलू नका," मी म्हणाले. "तुमचं धोक्याचं बरोबर आहे, मला पटतं. पण मला एकच सांगा. या माणसाला गिळता येतं का, हे बघायचं काम इथं नक्की कुणाचं आहे? तेवढं नाव सांगा. मी मार्चपासून तेच नाव शोधतेय."

सबनीसांनी कान-नाक-घशाकडं बघितलं. कान-नाक-घशांनी आहारतज्ज्ञ बाईंकडं बघितलं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"माझं," टेबलाच्या टोकाच्या तरुण बाई म्हणाल्या. "मी जमादार. बोलणं आणि गिळणं, दोन्ही मीच तपासते."

"तुम्ही कुठं बसता?"

"तळमजल्यावर. फिजिओच्या शेजारची खोली."

त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आणि अप्पा दर आठवड्याला बसत होतो. फिजिओचा नंबर लागेपर्यंत अप्पा त्या बंद दाराकडं तोंड करून असायचे, कारण खुर्ची तशीच मावायची.

"मग बघितलं का नाही?" मी विचारलं. आवाज चढवायचीही ताकद उरली नव्हती.

"माझ्याकडं कुणी पाठवलंच नाही त्यांना," जमादारबाई म्हणाल्या. "इतर कुणी लिहून दिल्याशिवाय मला पेशंट घेता येत नाही. मला वाटलं, यांचं गिळणं बघून झालं असणार."

"मला वाटलं, न्यूरोनं पाठवलं असेल," कान-नाक-घसा म्हणाले.

"तुम्ही पाठवलं नाहीत?" सबनीस म्हणाले.

मला हसू आलं. त्या खोलीत आम्ही एवढं रडून-भांडून पोचलो होतो, आणि मला खरोखर हसू आलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी बघितलं. तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली होती. युनियनच्या वाटाघाटीत साहेब लोक एकमेकांवर ढकलायला लागले की त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

त्याच दुपारी तपासणी झाली. जमादारबाईंनी आधी चमचाभर पाणी दिलं, मग दाट केलेलं पाणी, मग कुस्करलेलं केळं. नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं, ठसका न लागता गुपचूप फुप्फुसात तर जात नाही ना. गिळणं मंद होतं, पण गिळणं होतं. त्या म्हणाल्या, "सावकाश शिकवावं लागेल. सुरुवात दाट पदार्थांनी. आणि आजी, तीर्थसुद्धा आता मी सांगेन तसंच द्यायचं."

"तीर्थ दाट कसं करायचं ओ?" आईनं विचारलं.

"पंचामृत चालेल," जमादारबाई म्हणाल्या.

सर्जनांनी दुसऱ्या दिवशीची जागा दुसऱ्याला दिली. सॉरी वगैरे कुणी म्हणालं नाही. म्हणणार तरी कोण? चूक झाली होती, पण ती कुठल्या विभागाची, हे ठरायला पुन्हा एक बैठक लागली असती.

घरी येताना रिक्षात मी आईला म्हटलं, "मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू यांना चिडवलं असतंस," आई म्हणाली. "आन् हे रागानं तोंड मिटून बसले असते. मी यांना तीर्थ घ्या म्हणतेय तू जन्मायच्या आधीपासनं. नळी घेऊन घरी आले त्या सकाळी मी नुसती पळी घेऊन गेले समोर, आपली सवयीनं. तर यांनी आपल्या आपण तोंड उघडलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं, उर्मे. माणूस देवाकडं वळला. म्हटलं, आता गप बसावं. दोघांच्या मधे कशाला बोलावं?"

ती अगदी समाधानी दिसत होती. अप्पा पुढच्या बाजूला बघत बसले होते.

नळी निघाली ती गणपतीच्या दिवसांत. आधी खीर, मग मऊ भात, मग पातळ पदार्थ. चहाची परवानगी दसऱ्यानंतर मिळाली. अप्पांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ ते उघडलेच नाहीत. त्याच सुमारास जमादारबाईंच्या शिकवणीनं बोलणंही तुकड्यातुकड्यानं परत यायला लागलं.

माझी पुण्याला निघायची वेळ झाली होती. बॅग भरता भरता मी अप्पांच्या पलंगाशी बसले. आई देवघरात होती, घंटी वाजत होती. पलंगाची ती पाटी मी सोडवून घेतली आणि मला राहवलं नाही.

"अप्पा, खरं सांगा. देवाला कधीपासून मानायला लागलात?"

त्यांनी देवघराकडं नजर टाकली. मग मला डाव्या हातानं जवळ बोलावलं. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"तहान... लागायची," ते म्हणाले. "लई. माठापर्यंत... जाता येत न्हवतं."

त्यांच्या दातांतून फडकं ओढून काढणारा माझा हात मला दिसत होता. त्यांनी तोच हात धरला आणि थोपटला.

"आईला... सांगू नको," ते म्हणाले.

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मी अजून आईला सांगितलेलं नाही. ती आजही सगळ्यांना सांगते, आमचे हे शेवटी देवाला मानायला लागले होते. मी मान हलवते.

मी पुण्याला निघाले त्या सकाळी घंटी थांबली आणि आई गडवा, पळी घेऊन आली. अप्पांच्या हाताशी स्टुलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता, झाकण घालून. चहाही नुकताच झाला होता. मला वाटलं, आता तरी ते हात मागं घेतील, माठ आहे की म्हणतील. आई समोर येऊन उभी राहिली. अप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं, उजवा हात उचलत नव्हता म्हणून डावा पुढं केला आणि तळवा खोलगट केला. डाव्या हातात तीर्थ घेत नाहीत, पण आईनं तिकडं कानाडोळा केला.